ज्येष्ठांची घरे : वेगळा भूखंड की प्रत्येक प्रकल्पात वाटा?

प्रश्न : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगातील दर सहा जणांपैकी एक जण साठीचा किंवा त्याहून मोठा असेल, तेव्हा विकास आराखड्यात ज्येष्ठांसाठी स्वतंत्र भूखंड राखावेत, की प्रत्येक गृहप्रकल्पात काही घरे?

उत्तर १ : दुसरा पर्याय बरा. शहराबाहेरची जमीन स्वस्त पडते खरी, पण दवाखाना आणि बसथांबा दुरावला की वाचलेले भाडे प्रवासातच जाते.

उत्तर २ : सहमत. शिवाय एकास बाराचा उतार (एक फूट चढायला बारा फूट लांबी), चाकाची खुर्ची वळेल एवढे न्हाणीघर आणि आधाराचे दांडे नकाशातच धरावेत. नंतरची तोडफोड महागात पडते.

उत्तर ३ : आणि भाडे? सवलतीची अट जमिनीच्या करारात कायमची घातली नाही, तर मुदत संपताच तीच घरे बाजारभावाने जातात.