मिशनवर असताना तुमचा दिवस कसा जायचा?

पुतणी लवकरच मिशनवर निघते आहे. लेटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चतर्फे, धर्मप्रचारासाठी, परदेशात, अठरा महिने. नियमावली तिने वाचली आहे, प्रेरणादायी भाषणंही पुष्कळ ऐकली आहेत. मला तिच्यासाठी त्यापलीकडचं काहीतरी हवं आहे. सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत तुम्ही नेमकं काय करत होता? कंटाळा आला की काय करायचात? परत आल्यावर तुमच्यातला कुठला बदल दुसऱ्यांच्या लक्षात आला? पंथ कुठलाही असू दे, लिहा. धर्मांतर योग्य की अयोग्य हा वाद कृपया इथे नको, त्यासाठी वेगळा धागा काढा.

फिलिपिन्सला गेलेला एल्डर (म्हणजे पुरुष मिशनरी), २०१७ ते २०१९

साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे बंद. मध्ये व्यायाम, आंघोळ, मग एकट्याचा अभ्यास, मग सोबत्याबरोबरचा, मग भाषेचा. आमच्या वेळेपासून दिवसाचं नियोजन सकाळी व्हायला लागलं होतं. २०१७ च्या सुरुवातीला वेळापत्रक जरा सैल केलं गेलं. आमच्या आधीचे लोक हे काम रात्री पेंगत करायचे. मग बाहेर पडायचं ते चालायला. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर प्रवचनं देतो. खरं तर ज्याने 'या' म्हटलेलं असतं तो घरी नसतो, पुढचा झोपलेला असतो, तिसरा दार उघडतो पण त्याला फक्त गप्पा मारायच्या असतात. शिकवण्याचा वेळ थोडा, चालण्याचा फार.

पण दमवतं ते चालणं नव्हे. दमवतो तो सोबती, म्हणजे कम्पॅनियन. तुम्ही निवडलेला नसतो. सतत त्याच्या नजरेच्या आणि आवाजाच्या टप्प्यात राहायचं; एकांत काय तो न्हाणीघरात. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरची खबर येते. तेव्हा जोडी बदलेल किंवा बदलणार नाही. माझा एक सोबती अतिशय सज्जन होता आणि दिवसभर शीळ घालायचा. हसू नका. उन्हात तीच धून सलग ऐकली की माणसाचं डोकं फिरतं.

आठवड्याच्या नियोजनाच्या शेवटी एक रीत असते. दोघांनी समोरासमोर बसायचं आणि विचारायचं, आपलं कसं चाललंय, मी काय बदलायला हवं. सुरुवातीला आम्ही दोघंही 'सगळं छान' म्हणून उठायचो. शेवटी एकदा मी शीळ काढली, म्हणजे विषय काढला. तो म्हणाला, "घरची आठवण आली की वाजवतो." मग त्याने माझी यादी वाचून दाखवली आणि ती बरीच लांब निघाली. तक्रार लहान असतानाच, आवाज न चढवता सांगायची, ही सवय मला तिथून लागली. बायकोच्या मते माझ्यातला तेवढाच एक गुण मिशनचा, बाकीचं तिने शिकवलं.

फोनबद्दल. आधी घरी फोन फक्त ख्रिसमस आणि मदर्स डेला, एरवी आठवड्याला ईमेल. फेब्रुवारी २०१९ मध्ये दर आठवड्याला बोलायची मुभा मिळाली. मी दोन्ही राजवटी पाहिल्या. नवीच बरी, पण फोन ठेवल्यानंतरचा तास वाईट जायचा. त्या तासासाठी कपडे धुवायचं काम राखून ठेवावं.

मार्च २०२० मध्ये परत आलेली सिस्टर

वरच्या कपडे धुण्याला अनुमोदन. पी-डे म्हणजे तयारीचा दिवस. नावाला सुट्टी, पण धुणं, बाजारहाट, साफसफाई, पत्रं उरकेपर्यंत संध्याकाळ होते आणि कामाला निघावं लागतं. पुतणीला सांगा, बुटांवर पैसे खर्च कर, बाकी कशावर नको.

आमच्या छातीवर काळी पाटी असते, तिच्यावर 'सिस्टर' आणि आडनाव. सोबतीणसुद्धा तशीच हाक मारते. पहिल्या नावाने कोणी बोलावतच नाही. मला ते सुरुवातीला परकं वाटलं, मग आवडायला लागलं. घरी मी धाकटी, सगळ्यांची लाडकी, कुठलाच निर्णय माझ्याकडे नसायचा. आडनावाच्या बाईकडे मात्र लोक आजारपणं, नवऱ्याची दारू, मुलांच्या शाळा घेऊन यायचे आणि ती शांतपणे ऐकून घ्यायची. ती बाई मी आहे हे मला बऱ्याच उशिरा पटलं.

महामारी आली आणि आपापल्या देशाबाहेर असलेल्यांना घाईघाईने घरी पाठवलं. निरोप घ्यायला जमलं नाही. घरी चौदा दिवस खोलीत वेगळं राहायचं होतं, त्यामुळे आल्या आल्या आईला मिठीही नाही. काहींना पुढे मायदेशातच नवी नेमणूक मिळाली. मी मात्र घरीच थांबले. अर्धवट राहिल्याची रुखरुख अजून आहे आणि ती लपवण्यात मला अर्थ वाटत नाही.

जहाजावरची

माझं मिशन तरंगतं होतं. 'लोगोस होप' नावाचं एका ख्रिस्ती संस्थेचं जहाज आहे. बंदरोबंदरी जातं, वर पुस्तकांचं मोठं प्रदर्शन असतं, कर्मचारी सगळे बिनपगारी आणि पन्नासहून जास्त देशांतले. प्रत्येकाने आपल्या खर्चासाठी पाठीराखे शोधून यायचं. मी मोठमोठी स्वप्नं घेऊन चढले आणि मला नेमणूक मिळाली केबिनबाहेरच्या अरुंद वाटा आणि संडास साफ करायची. किनाऱ्यावर जाऊन लोकांत मिसळायचा दिवस आठवड्यातून एक. बाकी दिवस फरशी.

अपमान वाटला का? वाटला. पण सगळ्यांना तेच. वैद्यकीय शिक्षण झालेली मुलगी वाढपी, इंजिनिअर पुस्तकांची खोकी उचलतोय. इंजिन रूममधली मुलं जेवायला यायची तेव्हा आमच्याशी बोलण्याचंही त्राण त्यांच्यात नसायचं. आमच्या संस्थेचं आधीचं जहाज 'लोगोस' १९८८ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी बीगल खाडीत खडकावर चढलं होतं, माणसं सगळी वाचली. म्हणून सुरक्षेच्या कवायती आम्ही कधी टाळल्या नाहीत. परत आल्यावर घरच्यांना दिसलेला बदल विचाराल तर मी आता कुणाच्याही घरी गेले तरी आपली ताटली विसळून ठेवते. आध्यात्मिक बदलाबद्दल लिहायचं म्हटलं तर हात आखडतो.

एसव्हीडी या कॅथलिक मिशनरी संस्थेतला, पापुआ न्यू गिनी

आमच्यात शेवटच्या व्रतांआधी काही काळ परदेशी मिशनमध्ये काढायची सोय आहे. मला पापुआ न्यू गिनी मिळालं. तिथे आठशेहून जास्त भाषा आहेत, पण टोक पिसिन ही सामाईक भाषा आली की बहुतेक ठिकाणी निभावतं. पहिले काही महिने मी फक्त शिकत होतो आणि कुणाच्याही उपयोगाचा नव्हतो. हा काळ सगळ्यात अवघड. घरी असताना प्रार्थना चालवणारा, गाणी शिकवणारा मी. इथे पाच वर्षांची पोरं मला बोलायला शिकवत होती. फादर चालत लांबच्या वस्त्यांवर जायचे, त्यांच्या मागून सामान घेऊन जाणं हेच माझं काम.

आमच्या संस्थेचे पहिले दोघे १८७९ मध्ये चीनला निघाले. त्यांतले जोसेफ फ्रायनाडेमेट्झ १९०८ मध्ये तिथेच वारले, मायदेशी परत गेलेच नाहीत. संत म्हणून त्यांचं नाव आम्ही रोज घ्यायचो आणि मी मात्र डोंगरावर चढून मोबाइलची रेंज शोधायचो. त्यांची तपश्चर्या थोर खरी. पण रेंज मिळाली म्हणून माझी सेवा कमी झाली असं मला वाटत नाही. या बाबतीत माझे वरिष्ठ माझ्याशी सहमत नव्हते.

मुदतीआधी परतलेला

देश सांगत नाही. रात्री झोप लागेना, सकाळी दाराला हात लावला की छाती धडधडायची. मिशन प्रेसिडेंटनी, म्हणजे तिथल्या प्रमुखांनी, ऐकून घेतलं, डॉक्टरांशी बोलणं करून दिलं, शेवटी घरी यायचं ठरलं. तिथल्यांनी समजून घेतलं. घरच्या चर्चमध्ये मात्र लोक हस्तांदोलन करताना नजर चुकवायचे. 'पूर्ण करून आला' हे शब्द आमच्यात पदवीसारखे वापरतात, ते बंद झाले तर बरं. पुतणीला एवढंच सांगा की त्रास होत असेल तर आठवडाभर थांबू नको, त्याच दिवशी बोल.

मी दाराच्या आतला

मिशनरी नाही, श्रद्धाळूही नाही. परदेशात शिकताना या पाट्यावाल्या दोन मुलांनी माझं दार ठोठावलं. मी काही बदललो नाही. पण त्यांच्या इंग्रजीच्या मोफत वर्गाला जाऊ लागलो, कारण आठवड्यात दुसऱ्या कुणाशी बोलणंच व्हायचं नाही. एक तक्रार आहे. माझे वडील गेले तेव्हा त्यांतल्या एकाने लगेच मृत्यूनंतरच्या जीवनावरचा धडा उघडला. विशीतल्या पोराकडे एवढं तयार उत्तर असणं मला सहन झालं नाही. दुसऱ्याने पुस्तक मिटवलं आणि भांडी घासायला घेतली. तो मला आजही ईमेल करतो.

एका मिशनरीची आई

सोमवारी फोन येतो. पहिल्या महिन्यांत तो रडायचा, मी धीर द्यायचे, फोन ठेवून मी रडायचे. आता तो घाईत असतो, कुणाचं तरी घर बदलायला मदत करायला जायचं असतं. परवा त्याने विचारलं, "आई, तू जेवलीस का?" वीस वर्षांत पहिल्यांदा. मला हे बरं वाटलं की वाईट, ठरवता आलेलं नाही.

धागा काढणारा

सगळं पुतणीला वाचून दाखवलं. तिचा एकच प्रश्न: सोबतीण आजारी पडली तर दिवसभर काय करायचं, एकटीने बाहेर जाता येत नाही ना?

मार्च २०२० मध्ये परत आलेली सिस्टर

नाही. तिच्याजवळ थांबायचं, किंवा तिथल्या चर्चमधली एखादी बाई तिच्याजवळ बसायला आणि दुसरी तुझ्याबरोबर यायला तयार आहे का ते बघायचं. कोणी मिळालं नाही तर अभ्यास, पत्रं, आणि मग फ्रिज साफ करायचा. तुझ्या आधीच्या जोडीने तो केलेला नसणार.