सेवा श्रद्धेतून झाली म्हणून ती संशयास्पद ठरते का? (जामखेड, केडगाव आणि आपण)

बालाघाटची_पायवाट (धागाकर्ती)

परवा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत एक गृहस्थ म्हणाले, "मिशनवाले फुकट काही देत नाहीत. औषधाच्या पुडीत धर्म बांधून देतात." मी नगर जिल्ह्यातली, तीन पिढ्यांची ख्रिस्ती. तिथे गप्प बसले, पण घरी आल्यावर झोप लागली नाही. म्हणून हा धागा.

मी जामखेडबद्दल बोलणार आहे, कारण ते मी जवळून पाहिलं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. 1960 साली लग्न झालं तेव्हाच आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काही वर्षं काढल्यावर त्यांना कळून चुकलं की आज बरं करून पाठवलेलं मूल चार महिन्यांनी त्याच जुलाबानं परत येतं. परदेशात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन 1970 मध्ये ते जामखेडला आले. तेव्हा त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांमागे 176 मुलं वर्षाच्या आत दगावत होती.

त्यांनी मोठं रुग्णालय बांधायच्या आधी गावागावातून एकेक बाई निवडायला सांगितली. निवड गावानं करायची. त्यातल्या पुष्कळ जणी दलित, बहुतेक अक्षरशत्रू, काही टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला मुक्कामाला यायच्या आणि बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, क्षय यांबद्दल शिकायच्या. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण. मराठा बाई आणि महार बाई एका ताटाशेजारी बसणं हाही त्या अभ्यासाचाच भाग होता. पाच-सहा वर्षांत बालमृत्यूचा तो आकडा निम्म्याच्याही खाली आला. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

1972 च्या दुष्काळात कूपनलिका खणायची वेळ आली तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या जातील असं त्यांनी पाहिलं. मग ज्यांच्या विहिरीवर दलितांना पाय ठेवता येत नव्हता, त्या घरच्या बायकांना हंडा घेऊन वस्तीत यावं लागलं. माझ्यासाठी हे प्रवचनाहून मोठं आहे. आणि तिथं पाणी भरायला कुणाला बाप्तिस्मा घ्यावा लागला नाही.

माझं म्हणणं इतकंच: श्रद्धा या कामाचा झरा होती, पाण्याची किंमत नव्हती. हा फरक आपण का बघत नाही?

---

कृष्णाकाठ

ताई, आरोळे दांपत्याबद्दल मनापासून आदर आहे. पण तुम्ही सगळ्यात उजळ उदाहरण घेतलंत. मी सांगलीचा. ऑगस्ट 2019 मध्ये आमच्या गल्लीत छातीभर पाणी होतं. आई आणि मी पाच दिवस एका शाळेत होतो. तिथे एका संस्थेचे लोक आले. चांगले लोक होते, रात्रभर राबले, हे खोटं बोलणार नाही. पण तांदळाच्या पिशवीत पुस्तिका होती आणि वाटपाआधी प्रार्थना होती. कुणी "उभे राहाच" म्हणालं नाही. पण माझी आई, जी आयुष्यभर अंबाबाईचे मंगळवार करते, ती डोळे मिटून उभी राहिली. मागून मला म्हणाली, "तांदूळ घ्यायचा तर माणसांचा मान राखायला नको का?"

हे मला अजून सलतं. सक्ती नव्हती, पण भुकेला माणूस नाही म्हणू शकतो का? देणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असू दे, घेणाऱ्याचे हात बांधलेले असतात.

---

खडूफळा

इतिहास शिकवते, म्हणून थोडं मागे नेते. हा वाद नवा नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठी निवासी शाळा काढली, पुढच्या वर्षी ती पुण्यात आली. धर्माबाबत तटस्थ राहण्याचं आश्वासन होतं. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा काही मुली येऊन बसत. त्यावरून 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. केसरीतून टीका तर चालूच होती.

मग 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी आणि बेवारस मुली घेऊन दौंडजवळच्या केडगावला आल्या. 1900 पर्यंत त्यांच्या तिथल्या 'मुक्ती' आश्रमात दोन हजारांच्या आसपास माणसं होती. विणकाम, तेलघाणी, छापखाना, अंध मुलींचं शिक्षण. टीका करणाऱ्यांपैकी कितीजण त्या मुली आणायला गेले, हा प्रश्न मी वर्गात दरवर्षी विचारते.

पण दुसरी बाजूही विचारते. त्यातल्या बहुतेक मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. दहा वर्षांच्या अनाथ पोरीला जेवण, निवारा, माया सगळं एकाच दारातून मिळतं, तेव्हा तिच्या श्रद्धेला निवड म्हणायचं का? मला रमाबाई आपल्या इतिहासातल्या सर्वांत धाडसी स्त्रियांपैकी वाटतात आणि तरी या प्रश्नाचं उत्तर मला सापडलेलं नाही.

---

मोहरीचा_दाणा

मी ख्रिस्ती आहे आणि धागाकर्तीशीही सहमत नाही. ताई, तुम्ही श्रद्धा दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवायला सांगता आहात. आरोळे डॉक्टरांनी कधी लपवलं का की ते येशूमुळे हे करतात? माणसाला भाकर द्यायची आणि जी गोष्ट मला जगवते ती सांगायचीच नाही, हे मला प्रेम वाटत नाही. संविधानाच्या 25 व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य स्पष्ट आहे.

---

कृष्णाकाठ

दादा, 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच कलमाबद्दल सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. पण कायदा बाजूला ठेवू. तुम्ही सांगा, जरूर सांगा. चौकात सांगा, घरी बोलावून सांगा. पूर ओसरल्यावर सांगा. रांगेत उभ्या असलेल्या माझ्या आईला सांगू नका.

---

पाझरतलाव

पाणलोटाच्या कामात वीस वर्षं आहे, हिंदू आहे. नगर जिल्ह्यात स्विस जेझुइट (कॅथलिक संघातले धर्मगुरू) फादर हर्मन बाकर यांचं नाव न घेता पाणलोटाची गोष्ट पूर्ण होत नाही. 1948 साली भारतात आले आणि इथलेच झाले. 1993 मध्ये त्यांच्या आणि क्रिस्पिनो लोबो यांच्या पुढाकारानं 'वॉटर' (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी बघून या. माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांध, झाडं.

तिथं अटी होत्याच. श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. या अटी धर्माच्या नव्हत्या, पण सगळ्यांना सारख्या भारी नव्हत्या. ज्याची विहीर पायथ्याला, त्याला पाणी मिळालं. ज्याच्याकडे जमीन नाही, फक्त दहा शेळ्या, त्याची डोंगरावरची चराई बंद. असल्या गावांत शेळ्या विकताना रडणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. म्हणून मला वाटतं, "धर्म आला का?" एवढंच विचारून भागत नाही. अटीचं ओझं कुणाच्या डोक्यावर पडलं, हे आधी बघावं. सरकारी योजना असो, मठ असो, मिशन असो. जामखेडची कूपनलिका मला म्हणूनच आवडते. तिचं ओझं वरच्यांवर पडलं.

---

बालाघाटची_पायवाट

पाझरतलाव, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

कृष्णाकाठ, तुमच्या आईंचं वाचून मला वाईट वाटलं, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. आमच्या शास्त्रात चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे परक्या समाजातल्या एका वाटसरूची, गोष्ट आहे. वाटेत लुटलेला, अर्धमेला माणूस दिसतो. शोमरोनी त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि निघून जातो. जखमीचं नाव, गाव, देव विचारत नाही. येशूनं गोष्ट तिथंच संपवली. पुढे प्रार्थनासभा जोडण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला? रेडक्रॉस आणि मदत संस्थांची 1994 ची आचारसंहिताही हेच सांगते: मदत ही धार्मिक किंवा राजकीय मत पुढे रेटण्यासाठी वापरायची नाही. त्यावर ख्रिस्ती संस्थांच्याही सह्या आहेत.

खडूफळा, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही. माझी पणजी अशाच एका आश्रमात वाढली. ती जगली म्हणून मी आहे. तिनं निवडलं की तिला निवडून दिलं, हे आता कुणाला विचारू?

येत्या रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीत पावसाळी मदतीची बैठक आहे. पिशवीत पुस्तिका घालायची नाही आणि वाटपाच्या जागी प्रार्थना करायची नाही, असं मी मांडणार आहे. प्रार्थना आदल्या रात्री, आमची आम्ही करू.

---

मोहरीचा_दाणा

मी तुमच्या मंडळीत असतो तर विरोधात बोललो असतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पुस्तिकेचं मान्य, ती नको. पण बाई स्वतःहून "तुम्ही हे का करता?" असं विचारेल, तेव्हा तुमच्या लोकांनी काय उत्तर द्यायचं, तेही रविवारी ठरवा.

---

कृष्णाकाठ

ती विचारेल तेव्हा खरं उत्तर द्या. माझ्या आईनंही ऐकलं असतं. तिला विचारायची संधी मिळाली नव्हती.