शब्दचर्चा: मेस्त्रींच्या चिठ्ठीतले भाल, वासा, रीप आणि उंबरा

पागोळी:
गेल्या पावसाळ्यात कुडाळजवळच्या आमच्या घरामागचा जुना फणस वाऱ्याने आडवा झाला. परवानगी, वाहतूक पास हे सगळं निस्तरून तीन ओंडके एकदाचे मिलवर पोचले. विकतचं लाकूड आणण्यापेक्षा घरचाच फणस चिरून पडवीचं छप्पर आणि मागचं दार करायचं असं ठरलंय.

आता घोडं अडलंय ते भाषेपाशी. मेस्त्रींनी चिटोऱ्यावर यादी दिली ती अशी: भाल १, वासे ११, रिपा लागतील तशा, उंबरा १, गणेशपट्टी १. बस्स. माप एकही नाही. मिलवाला म्हणतो, "नावं नकोत, साइज सांगा." वर विचारतो, "चिरायचं किती आणि कापायचं किती?" त्याच्याकडे दोन्हीचे दर वेगळे आहेत. मला आजवर दोन्ही एकच वाटायचं.

मी वाढलो ठाण्यात. लाकडातली माझी मजल फळी आणि चौकट यांच्या पुढे नाही. आणखी एक: फणसाच्या यादीत उंबरा कसा? आमच्या आवारात उंबराचं झाड नाही. ते लाकूड वेगळं विकत घ्यायचं का?

माजघर:
अहो, उंबरा म्हणजे उंबरठा! दाराचा! उंबराच्या शोधात रानोमाळ फिरू नका.

तरी तुमची चूक अगदीच हसण्यासारखी नाही. संस्कृतात उदुंबर या शब्दाला झाड आणि दाराचा उंबरठा असे दोन्ही अर्थ आहेत. मात्र उंबराचं लाकूड मऊ आणि हलकं. पाण्याखाली बरं टिकतं म्हणून पूर्वी विहिरीच्या कामात वापरत, पण रोज शंभर पावलं पडणाऱ्या जागी ते कोण घालेल? फणसाचाच करा.

निवृत्त ओव्हरसियर:
चिरणे आणि कापणे यांत मिलवाल्याचं बरोबर आहे. ओंडक्याच्या लांबीने, तंतूंच्या दिशेने करवत चालवली की चिरणं. आडवी चालवून लांबी कमी केली की कापणं. चिरताना करवतीला दहा-दहा फूट जावं लागतं, कापताना ओंडक्याच्या जाडीएवढंच. म्हणून दर वेगळे. शिवणावळ, दळणावळ तशी ही चिरणावळ.

मशिनं नव्हती तेव्हा ओंडका उंचावर ठेवून एक माणूस वर आणि एक खाली अशी मोठी करवत ओढत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. आणि काप मिटून करवत अडकू नये म्हणून मागे पाचर ठोकलेली असे. 'पाचर मारणे' आपण अडवणूक करणे या अर्थाने वापरतो, पण या कामात पाचर वाट मोकळी ठेवते. पंचतंत्रातलं माकड आठवा. सुतार जेवायला गेलेले, अर्धवट चिरलेला ओंडका, त्यात खैराची पाचर, आणि ती उपटायला बसलेलं माकड. ही गोष्ट लिहिणाऱ्याने लाकूड चिरताना जवळून पाहिलं असणार.

माजघर:
ओव्हरसियरसाहेब, एक शंका. मग भाजी 'चिरतो' ते कसं? भेंडी तर मी विळीवर आडवीच चिरते.

निवृत्त ओव्हरसियर:
निरुत्तर! स्वयंपाकघरात आमचा नियम चालत नाही. भरल्या भेंडीला उभी चीर देता तेवढीच काय ती आमच्या बाजूने.

घाटावरचा:
'भाल' हा शब्द आमच्याकडे नाही. छपराचा भार घेणाऱ्या त्या जाड आडव्या दांड्याला आम्ही तुळई म्हणतो. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, तो कडीपाट. माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर असेल तर कड्यांवर किलचण, म्हणजे लाकडाच्या बारीक चिपा, आणि त्यावर माती. माझ्या आजोळी 'कडी लावली का' असं कोणी विचारलं तर दाराची की छताची हे विचारणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं.

आणि घर किती मोठं हे सांगायचं ते खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. आजोबा कोणाच्याही घराचं वर्णन 'पाच खणांचं', 'सात खणांचं' असंच करायचे. चौरस फूट त्यांनी शेवटपर्यंत कधी उच्चारले नाहीत.

शब्दकिडा:
माझ्या आवडीचा विषय निघाला, त्यामुळे थोडं लांबेल.

वासा. जुन्या शुद्धलेखनात हा 'वांसा' होता, आणि तो अनुस्वार उगाच नव्हता. मूळ संस्कृत वंश, म्हणजे बांबू. हिंदीत त्याचा बाँस झाला, आपल्याकडे छपराच्या उतारावरचा दांडा, म्हणजे वासा. म्हणजे ज्या काळी छपराला बांबूच घालत तेव्हाचं नाव पुढे सागाच्या, ऐनाच्या, आता तुमच्या फणसाच्या दांड्यालाही चिकटून राहिलं. आता 'बडा घर पोकळ वासा' पुन्हा वाचा. भरीव लाकडाचा वासा पोकळ असेल कसा? वाळवीने खाल्ला तरच. बांबू मात्र जन्मतःच पोकळ. म्हण जुनी आहे म्हणून हे मूळ तिच्यात जपलं गेलं की निव्वळ योगायोग, ते ठरवता येणार नाही, पण मला पहिली शक्यता फार आवडते.

रीप. वाशांवर आडव्या ठोकायच्या बारीक पट्ट्या, ज्यांच्यावर कौलं बसतात. हा शब्द 'रीपर' असाही ऐकू येतो आणि लोकांना वाटतं इंग्रजीतून आला. उलट आहे. हॉब्सन-जॉब्सन या १८८६ च्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात 'रीपर'ची नोंद आहे आणि कोशकार म्हणतात की हिंदुस्थानी कोशांत हा शब्द सापडत नाही, मराठी कोशात मात्र 'रीप' मिळतो. साहेबाने आपली रीप नेली, शेपूट लावून परत दिली.

मेस्त्री हा मात्र खराच बाहेरचा. पोर्तुगीज 'मेस्त्रे', म्हणजे उस्ताद.

पागोळी:
वाशाचं वाचून थक्क झालो. मग 'खाल्ल्या घरचे वासे मोजणे' हे काय प्रकरण? जेवून झाल्यावर वासे कशाला मोजायचे?

घाटावरचा:
जेवून आडवं पडलं की दुसरं दिसतं काय? आढं आणि वासे.

शब्दकिडा:
तेवढंच असतं तर त्यात कृतघ्नपणा कुठला? माझ्या मते वासे मोजणं म्हणजे यजमानाची ऐपत मोजणं. किती वासे म्हणजे किती लांब घर, हे पाहुण्याला पडल्या पडल्या कळतं. ज्याचं अन्न पोटात आहे त्याच्याच घराचा अंदाज घेत पडायचं, ही त्यातली खोच. 'घर फिरलं की वासेही फिरतात' मध्येही वासा घरच्या माणसांच्या जागी आला आहे. भालावर किंवा तुळईवर इतक्या म्हणी नाहीत. संख्येने जास्त आणि निजलेल्याच्या डोळ्यांसमोर, म्हणून वाशाला हा मान मिळाला असावा.

मेढीचंही तसंच. छपराला आधार देणारा खांब, म्हणजे मेढ, आता कोणाच्या घरात दिसत नाही, पण दर आठवड्याला कुठे ना कुठे 'मुहूर्तमेढ' रोवलेली पेपरात वाचतो.

जाता जाता: कोकणातला जांभ्याचा चिरा आणि चिरेबंदी वाडा हेही याच चिरणे कुळातले असं मी मानतो.

निवृत्त ओव्हरसियर:
जाता जाता टाकलेल्या वाक्याला माझा आक्षेप. जांभा पूर्वी हत्याराने खणून, तासून काढत. खाणीत फिरती करवत आली ती अलीकडे. दगडाला चीर पाडून तो सुटा करतात म्हणून चिरा म्हणत असाल तर चालेल, पण करवत त्यात आणू नका.

आता पागोळींचा मूळ प्रश्न सगळे विसरले आहेत, म्हणून सांगतो. तुमच्या मेस्त्रींनी मापं दिली नाहीत याचं कारण ही नावं जागांची आहेत. तोच चार बाय सहाचा दांडा भिंतीवर आडवा पडला तर भाल, उभा राहिला तर खांब. यादी वाचून मेस्त्रींना तुमची पडवी डोळ्यांसमोर दिसते, मिलवाल्याला काहीच दिसत नाही. त्याला जाडी, रुंदी, लांबी हवी.

अंदाज देतो, पण मेस्त्रींना विचारल्याशिवाय करवत लावू नका. वासा २ बाय ४ इंच, ९ फूट लांब धरला तर एक वासा बरोबर अर्धा घनफूट. ११ वाशांचे साडेपाच. भाल ४ बाय ६, १० फूट, म्हणजे पावणेदोनाच्या जरा आत. रिपा १ बाय २. मंगलोरी कौलं असतील तर दोन रिपांत तेरा इंचांच्या आसपास अंतर येतं, पण आधी तुमचंच कौल मोजा. नळीची कौलं असतील तर हिशेब वेगळा, रिपा खूप जवळजवळ लागतात.

ओंडक्याचं मोजमाप मात्र नीट समजून घ्या. गोल लाकूड मोजण्याची जुनी रीत अशी: घेर घ्यायचा, त्याचा चौथा भाग करायचा, त्याचा वर्ग गुणिले लांबी. घेर ४ फूट आणि लांबी १० फूट असेल तर १० घनफूट. भूमितीने तोच ओंडका पावणेतेरा घनफुटांच्या जवळ भरतो. ही लबाडी नव्हे. साली, गोलाई, भुसा यांत जाणारं लाकूड आधीच वजा धरलेलं असतं. पावतीवर कुठली रीत लावली ते विचारा.

करवतही लाकूड खाते. पट्ट्याच्या करवतीचा काप सूतभर, मोठ्या गोल करवतीचा दीड-दोन सूत. आठ सुतांचा इंच, म्हणजे इंची रिपा पाडताना गोल करवत दर पाचव्या-सहाव्या रिपेमागे एक रीप भुशात घालवते. तुम्ही एकाच ओंडक्यातून सगळ्या रिपा काढणार असाल तर पट्ट्याची करवत असलेली मिल बघा. आणि ओलं लाकूड आहे, वाळून आटणार, म्हणून मापापेक्षा दोन सूत जास्त ठेवा. चिरून झालं की मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. उन्हात टाकलेल्या फळीला असा पीळ पडतो की मग रंधा मारणाऱ्याचे हात जातात.

माजघर:
गणेशपट्टी कोणीच सांगितली नाही. चौकटीची वरची आडवी पट्टी, मधोमध गणपती कोरतात ती. मागच्या दाराला कोणी करत नाही खरं म्हणजे. तुमचे मेस्त्री हौशी दिसतात.

पागोळी:
सगळ्यांचे आभार. काल मेस्त्रींना फोन केला. उंबऱ्याचा माझा घोटाळा सांगितल्यावर इतके हसले की पलीकडे कोणीतरी काय झालं म्हणून विचारायला आलं. "उंबरो म्हंजे झाड न्हय ओ, दाराचो उंबरो!" जाडी-रुंदी ओव्हरसियरसाहेबांच्या अंदाजाच्या आसपासच निघाली, फक्त भाल त्यांना ५ बाय ६ हवा आहे. वाशाची लांबी मात्र आकड्यात सांगायला ते तयार नव्हते. फूटपट्टी धरणारा चुकतो म्हणे. आज सकाळी मुलाच्या हाती त्यांनी एक काठी पाठवली, एका टोकाला खूण केलेली. मिलवर तीच लावून कापायचं.

काठी बांबूची आहे. शब्दकिडा, ही तुमच्यासाठी.

राहिला एक प्रश्न. मागच्या दाराच्या गणेशपट्टीबद्दल विचारलं तर म्हणाले, ती आईने सांगितली आहे. आई म्हणते, मेस्त्रींनी.