कॉर्टेक्समध्ये आपोआप सुटणारा गाबा: नॉईज की सिग्नल?

पेशीवेडी:
मेंदूचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, न्यूरॉन फायर झाला, म्हणजे त्याने विजेचा ठोका दिला, तर सिग्नल, बाकी सगळा नॉईज. मला हे पटत नाही, गाबाच्या, म्हणजे न्यूरॉनना शांत करणाऱ्या रसायनाच्या, बाबतीत तर अजिबातच नाही. उंदराच्या कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) स्लाईस घ्या, एका पिरॅमिडल पेशीवर (तिथली मुख्य पेशी) पॅच, म्हणजे करंट मोजणारी काचेची बारीक नळी, लावा, ग्लुटामेट या उत्तेजित करणाऱ्या रसायनाचे रिसेप्टर बंद करा आणि मग टीटीएक्स हे विष सोडा, म्हणजे सोडियम चॅनल बंद, आता कोणी फायर होऊच शकत नाही. स्क्रीनवरचे मोठे झोके जातात पण छोटे टोकदार खड्डे पडतच राहतात, झपकन खाली आणि मग सावकाश वर. असा एकेक खड्डा म्हणजे साधारणपणे एकेक व्हेसिकल (रसायनाची इवलीशी पिशवी) कुणाच्याही आदेशाविना रिकामी झाली. गाबा-ए हा गाबाचा रिसेप्टर अडवणारं बिक्युक्युलिन टाकलं की रेघ सपाट, म्हणजे हे त्याच रिसेप्टरचं काम. या खड्ड्यांना मिनी म्हणतात.

आता मुद्दा. २०१२ मध्ये ओरेगनच्या स्मिथ लॅबने दाखवलं की निओकॉर्टेक्समध्ये कॅल्शियम चॅनल अडवले की गाबाच्या मिनींची संख्या घटते. चॅनल अधूनमधून आपोआप उघडतात आणि त्यातून गाबा सुटतो. याच लॅबला आदल्या वर्षी ग्लुटामेटच्या मिनींमध्ये असं अवलंबित्व दिसलं नव्हतं. एकाच कॉर्टेक्समध्ये दोन वेगळ्या व्यवस्था, आणि तरी नॉईज?

कातळकडा:
नाही पटलं. कॅल्शियमवर अवलंबून आहे म्हणून त्याला काम आहे, हे कुठून आलं? गळका नळसुद्धा प्रेशर वाढलं की जास्त गळतो. २००० सालचा मंक१८-१ चा उंदीर आठवा, हे प्रथिन काढलं तर व्हेसिकल अजिबात रिकाम्या होत नाहीत, ना फायर झाल्यावर ना आपोआप. तरी त्या पिल्लांचा मेंदू बांधला गेला, थर पडले, सिनॅप्स (पेशींमधले सांधे) बनले. मिनी इतके महत्त्वाचे असते तर हे झालंच नसतं.

पेशीवेडी:
अहो, त्या पेपरचा उत्तरार्ध पण सांगा ना. बांधणी झाली आणि मग पेशी मरत गेल्या. अर्थात तिथे सगळंच बंद होतं त्यामुळे ते मिनींमुळे असं मीही म्हणणार नाही, पण तुम्हीही त्या उंदरावरून मिनी निरुपयोगी ठरवू शकत नाही. कार्टर आणि रेगर यांनी तर २००२ मध्येच सेरेबेलमच्या (लहान मेंदूच्या) इंटरन्यूरॉनमध्ये, म्हणजे जवळच्याच पेशींशी जोडलेल्या छोट्या न्यूरॉनमध्ये, एकेका व्हेसिकलमुळे फायरिंगचं टायमिंग सरकतं हे दाखवलं होतं.

कातळकडा:
सेरेबेलमच्या त्या पेशी इवल्याशा, त्यांचा रेझिस्टन्स प्रचंड, थोडा करंट आला तरी व्होल्टेज बदलतं. कॉर्टेक्समधल्या पिरॅमिडल पेशीवर हजारो सिनॅप्स असतात, तिथे एका मिनीने काय होणार?

औषधवाला:
मी फार्माकोलॉजीचा, थोडं मध्ये बोलतो. गाबाचा परिणाम वाढवणारं डायझेपाम हे औषध दिलं की मिनीचा खड्डा तेवढाच खोल पण जास्त वेळ टिकतो, हे मी स्वतः ट्रेसवर पाहिलंय. पण पेशंटची चिंता कमी होते किंवा झटका थांबतो तो मिनींमुळे, असं म्हणता येत नाही, कारण फायर झाल्यावर सुटणाऱ्या गाबाचा परिणामही त्याच औषधाने लांबतो. औषधांचा पुरावा दोन्ही बाजूंनी वापरू नका.

पेशीवेडी:
मान्य, म्हणूनच मला गाबाचे रिसेप्टर अडवणाऱ्या पिक्रोटॉक्सिनचा प्रयोग फार आवडतो. हे औषध मुख्यतः उघडलेल्या चॅनलमध्येच शिरून बसतं. सिनॅप्सवर काम करणाऱ्या कावालालींच्या लॅबने २०२० मध्ये फायरिंग थांबवलं, फक्त मिनी चालू ठेवले, म्हणजे मिनींनी उघडलेले रिसेप्टरच बंद पडले. नंतर पेशींना शॉक दिला तर गाबाचा प्रतिसाद कमी झाला होता पण बराचसा शाबूत होता! म्हणजे आपोआप सुटणारा गाबा आणि फायर झाल्यावर सुटणारा गाबा काही अंशी वेगवेगळ्या रिसेप्टरवर पडतात. नुसती गळती असती तर दोघांचे रिसेप्टर सरसकट तेच असायला हवे होते.

आणि कातळकडा, एका मिनीचा हिशोब कशाला करताय? हजारो सिनॅप्सपैकी थोडेसेच गाबाचे धरले तरी ते दिवसरात्र चालू आहेत, बेरीज करा.

कातळकडा:
प्रयोग देखणा आहे, पण तो डिशमधल्या हिप्पोकॅम्पसच्या (स्मृतीशी संबंधित भागाच्या) पेशींवरचा. जाग्या उंदराच्या कॉर्टेक्समध्ये गाबाच्या पेशी सतत फायर होत असतात, काही तर सेकंदाला दहादहा वेळा. त्या गदारोळात तुमची बेरीज किती उरते? फक्त मिनी बंद करून बाकीचा गाबा चालू ठेवून दाखवा, मग बोलू.

पेशीवेडी:
तो प्रयोग व्हायलाच हवा, आणि सुरुवात कुठून करायची तेही माहीत आहे. व्हीटीआय१ए नावाचं प्रथिन कमी केलं की आपोआप सुटणं घटतं आणि फायर झाल्यावरचं फारसं बदलत नाही, हेही कावालालींच्याच लॅबचं काम. ते फक्त पार्व्हाल्ब्युमिनवाल्या (गाबा सोडणाऱ्या एका प्रकारच्या) पेशींमध्ये कमी करा, प्रौढ उंदरात करा म्हणजे वाढीचा घोळ नको, आणि मेंदूच्या लहरी नोंदवणारा ईईजी लावून ठेवा. झटके आले किंवा झोपेतल्या लहरी बदलल्या तर दिसेलच, आणि महिनाभर काहीच बदललं नाही तर तेही मला कळायला हवंय.