हट बे (लिटल अंदमान): आठ दिवसांत बसेल का?

भगूरची_मुक्ता
नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं अंदमानला जायचं म्हणतोय: मी, नवरा, नववीतला मुलगा आणि सासूबाई (वय 68, शाकाहारी, गुडघे दुखतात). हॅवलॉक बेटावरची गर्दी नको, म्हणून लिटल अंदमानचं बंदर हट बे डोक्यात आहे. बेत असा: नाशिकच्या ओझर विमानतळावरून हैदराबाद, तिथून पोर्ट ब्लेअर. दुसऱ्या दिवशी बोटीनं हट बे. तिथं तीन रात्री राहून परत आणि लगेच पुढच्या सकाळचं विमान. येणं-जाणं धरून आठ दिवस. बोटीचं तिकीट नाशिकमधून काढता येतं का? परवाना लागतो का? आणि सासूबाईंना नेणं शहाणपणाचं आहे का?

धक्का_ते_धक्का
मुक्ताताई, जागा छान निवडलीत, पण या बेतातली शेवटची रात्र फार धोक्याची आहे. हट बेहून परतायची बोट एक दिवस पुढे गेली की विमान गेलंच. आणि बोट पुढे जाणं ही तिकडची रोजचीच गोष्ट आहे.

कारण समजून घ्या. हट बे पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला सुमारे 120 किलोमीटरवर आहे. मध्ये डंकन पॅसेज हा उघडा समुद्र लागतो. हॅवलॉकला जाणाऱ्या खासगी वेगवान बोटी इथं धरून चालू नका. भरवसा सरकारी जहाजांवर, ती अंदमान प्रशासनाचं जहाज वाहतूक संचालनालय चालवतं. प्रवास साधारण सहा ते आठ तासांचा. सुटायची वेळ कधी पहाटेची, कधी रात्रीची. काही जहाजं हट बेवरून पुढे निकोबारला जातात आणि येताना पुन्हा हट बेला लागतात, त्यामुळे तिकडे खाली उशीर झाला की तुमचाही उशीर. त्यात हट बेचा धक्का पूर्व किनाऱ्यावर आहे. डिसेंबरात वारा ईशान्येकडून येतो, म्हणजे लाट थेट याच बाजूला. लाटा अडवणारा बांध आहे, तरी समुद्र खवळला की जहाज धक्क्याला लावता येत नाही.

वेळापत्रक फार आधी लागत नाही, त्यामुळे नाशिकमधून दोन महिने आधी बोट पक्की करायचा विचार सोडून द्या. तारखा संचालनालयाच्या संकेतस्थळावर आणि 'डेली टेलिग्राम्स' या सरकारी दैनिकात येतात. तिकीट ऑनलाइन किंवा पोर्ट ब्लेअरला फिनिक्स बेच्या खिडकीवर मिळतं. बेटावरच्या लोकांचं भाडं आणि आपलं भाडं वेगळं, पण आपलंही विमानाच्या मानानं फारच कमी. मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं जवळ ठेवा, मुलाचंसुद्धा. परतीचं तिकीट जमलं तर जातानाच काढा, नाहीतर उतरल्या उतरल्या चौकशी करा. परतीच्या आदल्या दिवशी जेवढ्या जागा उरतात, त्यावर चौघांचं कुटुंब विसंबू शकत नाही.

नाताळाबद्दल एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. निकोबारी समाज बहुतांशी ख्रिस्ती आहे. 20 डिसेंबरनंतर दक्षिणेकडची जहाजं घरी जाणाऱ्यांनी भरलेली असतात, आणि ती गर्दी त्यांच्या हक्काची आहे. जानेवारीचा शेवट ते मार्च हा काळ धरलात तर समुद्र शांत, बोटी मोकळ्या आणि विमानही स्वस्त.

पालखेडचा_पांथस्थ
परवान्याचं मी सांगतो. भारतीय नागरिकाला हट बे आणि रस्त्यालगतच्या वस्त्यांसाठी वेगळा परवाना लागत नाही. पण बेटाचा मोठा भाग ओंगी जमातीसाठी राखीव आहे. डुगाँग क्रीक, साउथ बे इकडे जायचंच नाही. 1956 च्या आदिम जमाती संरक्षण नियमानुसार तिथं शिरणं आणि त्यांचे फोटो काढणं, दोन्ही गुन्हे आहेत. कुणी पैसे घेऊन 'आत नेतो' म्हणालं तरी नको. संख्येनं मोजकीच उरलेली माणसं आहेत ती. बाहेरून आलेला साधा आजारही त्यांना महागात पडू शकतो.

आता गाव. एकच मुख्य रस्ता, धक्क्यापासून उत्तरेकडे किनाऱ्याच्या कडेनं वीस-बावीस किलोमीटर जातो. ठिकाणं लोक किलोमीटरच्या आकड्यानंच सांगतात, तेव्हा रिक्षावाल्याला 'अकरा किलोमीटर' म्हटलं की तो नेताजी नगरला सोडतो. व्हाइट सर्फ धबधब्याचा फाटा साडेसहाच्या आसपास, बटलर बेचा किनारा चौदाला. व्हिस्पर वेव्ह हा दुसरा धबधबा जंगलात आत आहे, चालावं लागतं आणि पावसानंतर जळवा असतात. सासूबाईंना व्हाइट सर्फ पुरे. दुचाकी भाड्यानं मिळते. घेताना ब्रेक आणि दिवा तिथंच तपासा, पेट्रोल सकाळीच भरून घ्या.

पोहण्याबद्दल जरा कडक बोलतो. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटावर खरोखर आहेत. ओढा किंवा खाडी समुद्राला मिळते त्या तोंडापाशी पाण्यात उतरायचं नाही. पहाटे आणि संध्याकाळी तर कुठेच नाही. पाटी नसली म्हणजे मगर नाही असं नसतं. उतरण्याआधी गावातल्या कोळ्याला विचारा. बटलर बेला लाट मोठी असेल तर पाणी आत ओढतं. ओढ लागली तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर या आणि मग वळा. मुलाला हे घरीच समजावून ठेवा.

भगूरची_मुक्ता
खूपच उपयोगी. मार्चमध्ये मुलाची परीक्षा आहे, पण सव्वीस जानेवारीला जोडून रजा निघेल. दहा दिवस मिळाले तर चालेल? आणि सासूबाईंच्या औषधांचं, जेवणाचं काय?

सिडकोची_वैद्यताई
आधी बोट लागण्याचं. ॲव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन काही उपयोग नाही, ती बोट सुटायच्या आधी घ्यायची. पण 68 व्या वर्षी रक्तदाबाची, काचबिंदूची किंवा लघवीची औषधं चालू असतील तर नाशिकमध्ये डॉक्टरांना विचारूनच, कारण या गोळीनं वयस्कर माणसांना गुंगी येते, तोल जातो. बंकचं (झोपायच्या जागेचं) तिकीट काढा, खालचाच बंक मागा. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावा कमी लागतो. उपाशी बसवू नका, तळलेलंही नको. दशमी किंवा कोरडी पोळी, थोडं लिंबू-मीठ. आतला एसी फार गार असतो, चादर आणि पायमोजे पिशवीत वरच ठेवा. धक्का आणि जहाज यांच्यामधली शिडी अरुंद आणि चढणीची असते, लाटेबरोबर हलते. सासूबाईंच्या हातात काही द्यायचं नाही. एकानं पुढे, एकानं मागे.

हट बेला सरकारी दवाखाना आहे, पण गंभीर दुखण्यासाठी पोर्ट ब्लेअरच्या जी. बी. पंत रुग्णालयातच न्यावं लागतं. म्हणून नेहमीची औषधं मुक्कामाच्या दुप्पट न्या आणि दोन पिशव्यांत विभागून ठेवा. हृदयाचा त्रास असेल तर माझं मत स्पष्ट आहे: त्यांना पोर्ट ब्लेअरपर्यंतच न्या.

जेवण बंगाली वळणाचं, भात आणि मासे. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत तिथं. डाळ-भात-भाजी सांगितली तर करून देतात, सकाळीच सांगायचं. बोट चुकली की बाजारातली भाजी आटते, तेव्हा मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी घरून न्या. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्यासाठी खोबरेल तेलाचा जाड थर आणि पूर्ण पायजमा. चावल्यावर खाजवलं की जखम चिघळते. मच्छरदाणी आहे का ते खोली ठरवतानाच विचारा.

धक्का_ते_धक्का
दहा दिवस असतील तर जमतं. पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअरला धरा, म्हणजे बोट ज्या दिवशी असेल त्या दिवशी निघता येईल. हट बेला तीन रात्री. परतल्यावर विमानाआधी निदान दोन रात्री मोकळ्या. बोट वेळेवर आली तर त्या दोन दिवसांत सेल्युलर जेल नीट पाहून होईल, घाईनं पाहायची ती जागा नाही. सात भुजांपैकी तीनच आता उभ्या आहेत. भगूरच्या माणसानं सावरकरांच्या कोठडीपाशी थोडा वेळ थांबावं असं मला मनापासून वाटतं. मात्र तिथं जिने चढावे लागतात, सासूबाईंसाठी खालचं अंगण आणि प्रदर्शन.

सूर्य नाशिकपेक्षा तासाभराहून जास्त आधी उगवतो आणि मावळतोही तसाच लवकर, घड्याळ मात्र एकच. जानेवारीत साडेपाचला अंधारू लागतं, तेव्हा चौदा किलोमीटरवरून परत निघायची वेळ चार.

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढा. 2020 मध्ये समुद्राखालची केबल लिटल अंदमानपर्यंत आली, तरी नेट गेलं की एटीएम आणि यूपीआय दोन्ही बसतात. शिंपले आणि प्रवाळ उचलू नका, विमानतळावर तपासणीत सापडले तर अडकाल. आणि हैदराबादची जोडणी एकाच तिकिटावर घ्या. ओझरचं विमान उशिरा आलं तर पुढची सोय विमान कंपनीनं करायची असते, वेगळी तिकिटं असली की नुकसान तुमचं.