पट्टा कमरेला, हवा डोक्यात : अनुभव धागा

गोदाकाठचा_वाटसरू

परवा संध्याकाळी पार्किंगमध्ये गलका ऐकू आला म्हणून गॅलरीतून खाली डोकावलो. आमच्या कन्यारत्नाने (वय ९) सोसायटीतल्या तीन पोरांना ओळीत उभं केलं होतं. कमरेला पिवळा पट्टा, तोही नाईट पँटवर. "आधी मला वाकून नमस्कार करायचा, मगच खेळायला मिळेल." त्यातला सगळ्यात धाकटा वाकता वाकता तोल जाऊन माझ्या ॲक्टिव्हावर आदळला. पट्टा मिळून पुरता आठवडाही झाला नव्हता.

वर बोलावलं. चांगलं झापायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडलं आणि अचानक चपलाच आठवल्या.

९६-९७ साल असेल. नाशकात गंगापूर रोडला एका शाळेच्या हॉलमध्ये आमचा कराटेचा क्लास भरायचा. मला नुकताच हिरवा पट्टा मिळाला होता. एका नव्या पोराबरोबर सरावाला उभं केलं. हलकेच मारायचं असं सांगितलेलं असतानाही मी त्याच्या पोटात सणसणीत ठेवून दिली आणि वर हसलो. सरांनी पाहिलं. काहीच बोलले नाहीत, मला वाटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "उद्यापासून अर्धा तास आधी यायचं. बाहेरच्या चपला ओळीत लावायच्या. महिनाभर."

चाळीसेक जोड. पावसाळ्याचे दिवस, सगळ्या चिखलाने बरबटलेल्या. पहिले चार दिवस रडकुंडीला आलो. मग हळूहळू चपलांवरून माणसं ओळखू यायला लागली. ज्याला मारलं होतं त्याच्या डाव्या स्लीपरचा अंगठा सेफ्टी पिनेने अडकवलेला होता. तो रोज ती पिन सरळ करून मगच आत यायचा.

एकदा ताप आला म्हणून दोन दिवस दांडी झाली. तिसऱ्या दिवशी धसकत गेलो तर चपला एका रेषेत. मित्र म्हणाला, सर लावतात की. तू नव्हतास तेव्हाही तेच लावायचे, आपल्या आधीपासून. वर्षभर त्या क्लासला जात होतो आणि हे मला दिसलंच नव्हतं.

तर लेकीला झापायचं राहिलं, तिलाच ही गोष्ट सांगितली. तिने ऐकून विचारलं, "तुला मोजे घालून चपला लावायला चालायचं का?" असो. तुम्ही कराटे, ज्युदो, तायक्वांदो, कुस्ती, लाठीकाठी काहीही शिकला असाल किंवा पोरांना शिकवत असाल, तर डोक्यातली हवा कशी उतरली (किंवा नाही उतरली) ते येऊ द्या.

तर्री_वेगळी_द्या

पहिला! नमस्कार पोरीला केला की ॲक्टिव्हाला ते आधी स्पष्ट करा.

काळी_कढई

कुकर लावून लिहितेय, चुका पोटात घाला. आमच्याकडे उलटं. क्लासमध्ये कमरेत वाकायला शिकवलं तर चिरंजीव दिसेल त्याला वाकायला लागले. वॉचमन, दूधवाले, लिफ्टमधल्या काकू. सासूबाईंना वाकून "ओस" (कराटेतला नमस्कार) म्हणाला, त्यांना वाटलं ओवा मागतोय. दिलाही.

मला खरं विचारायचंय ते असं की ते पांढरे कपडे पांढरे ठेवता कसे तुम्ही लोक? नीळ घालून आकाशी झालेत. परीक्षेच्या दिवशी तो एकटाच लांबून ओळखू येतो.

तांबडी_माती

कराटेतलं काही कळत नाही, कुस्तीतलं सांगतो.

आमचा आजा तालमीत वस्ताद होता, देवळालीच्या पुढे आमचं गाव. तालमीत पाय टाकण्याआधी माती कपाळाला लावायची, मग मारुतीपुढे हात जोडायचे, मग बाकीचं. हौद उकरायचं काम सगळ्यात नव्या पोरांचं. फावडं पोरापेक्षा उंच. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडायचं, ती मळून मळून लोण्यासारखी व्हायची. हातावर फोड यायचे. ज्याने माती उकरली नाही त्याला तीत लोळायचा हक्क नाही, असा आज्याचा कायदा.

माझा चुलत भाऊ चौदा वर्षांचा असताना जत्रेत एक्कावन्न रुपयाची कुस्ती मारून आला. मारली ते मारली, पडलेल्या पोराच्या छाताडावर वाकून शड्डू ठोकला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आजा फडाच्या कडेला बसलेला, उठून सरळ घरी निघून गेला. रात्री जेवताना एकच बोलला : "सकाळी त्या पोराच्या गावाला जायचं." सायकलवर नेलं डबलसीट, अकरा किलोमीटर. तिथं त्या पोराच्या बापापुढे भावाला म्हणाला, "याचं अंग रगडून दे." भावाने अर्धा तास तेल लावून रगडलं. ते पोरगंच लाजून चूर, आमच्यापेक्षा जास्त. त्याच्या आईने दोघांना दूध-भाकरी कुस्करून दिली. पुढे दोघं एकाच तालमीत गेले. आता एकाचा ट्रॅक्टरचा धंदा, एक पोलिसात.

आणि आपल्या नाशिकच्या हर्षवर्धन सदगीरचं विसरू नका. जानेवारी २०२० ला बालेवाडीला शैलेश शेळकेला हरवून महाराष्ट्र केसरी झाला आणि पहिलं काम काय केलं, तर हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. दोघं काका पवारांच्या तालमीतले. टीव्हीपुढे आमचा सगळा वाडा उभा राहिला होता. भाऊ तेवढा गप्प बसून होता.

तर्री_वेगळी_द्या

@तांबडी_माती अंगावर काटा आला राव. दूध-भाकरी वाचून भूकही लागली.

जेलरोडकर

जेलरोड किंवा नाशिकरोडला लहान मुलांसाठी चांगला क्लास माहीत आहे का कोणाला? वय ६. फार मस्ती करतो.

नाव_सुचत_नाही

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. माझ्या सरांनीही माझी "हवा काढली" होती. शाळेत असताना. स्पर्धेत पदक मिळालं, घोड्यावर होतो, मान्य. दुसऱ्या दिवशी मधोमध उभं करून हात मागे बांधायला सांगितले आणि बारा जणांना एकेक करून मारायला लावलं. "आता कळलं तू कोण आहेस ते?" सगळे हसले.

मी नम्र वगैरे झालो नाही. जिंकलो की लपवायला शिकलो, बास. बारावीत टक्के चांगले पडले तेही दोन दिवस घरी सांगितले नव्हते. चपला लावणं वेगळं आणि हे वेगळं, एवढंच म्हणायचंय. काही लोकांना फरक कळत नाही.

सिडकोची_आजी

नाव सुचत नाही, बाळा, वाचून पोटात कालवलं. आता टक्के सांग हो इथे, आम्ही पेढे खातो.

मी लहानपणी लाठी फिरवायची, कोणाला खरं वाटत नाही. आता गुडघे. मागे हॉलमध्ये झाडूचा दांडा घेऊन नातवाला एक हात करून दाखवला, ट्यूबलाइट गेली.

नाव_सुचत_नाही

७८.३३ आजी. :)

सिडकोची_आजी

पेढे!!!

खडूस_सेन्सेई

वीस वर्षं शिकवतोय, इंदिरानगर भागात. रोज दोन बॅच. वरचं वाचून राहवलं नाही, दुसऱ्या बॅचला अजून पंचवीस मिनिटं आहेत, भराभर लिहितो.

@नाव_सुचत_नाही, जे झालं ते शिकवणं नव्हतं. असले लोक आमच्या धंद्यात आहेत आणि त्यांच्यापाशी पोरं टिकतात ती एकतर दबलेली नाहीतर पुढे तसलीच होणारी.

आता माझं. पांढरा पट्टा घाबरलेला असतो, काळ्या पट्ट्याला स्वतःची लायकी कळलेली असते. हिरवा सगळ्यात वाईट, हिरवी मिरची. दोन काता (ठरलेल्या हालचालींचे क्रम) पाठ झाले की त्याला वाटतं आता द्वारका सर्कलला एकटा ट्रॅफिक अडवेन. त्यांना भाषण देऊन काहीही होत नाही. "नम्र राहा" म्हटलं की ते "यस सर" म्हणतात आणि मागे वळून चिमटा काढतात. म्हणून मी त्यांना नव्या पोरांचे पट्टे बांधायला बसवतो. गुडघ्यावर बसावं लागतं. सहा वर्षांचं पोरगं सरळ उभं राहत नाही, पोट पुढे काढतं, नाक पुसतं, दोन टोकं सारखी येत नाहीत, परत सोडा, परत बांधा. दहा पोरं बांधून होईस्तोवर हिरवा पट्टा घामाघूम.

दुसरं, पडायला शिकवतो. हे ज्युदोकडून उचललंय. ज्युदोचे जनक जिगोरो कानो, त्यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली, तिथे आजही नव्या माणसाला आधी पडायचं कसं तेच शिकवतात, पाडायचं नंतर. शनिवारी मी स्वतः मॅटवर उभा राहतो आणि पोरांना मला पाडायला लावतो. धप्पकन पडतो, हात आपटतो, उठतो, वाकतो. पालक बाकावर बसून हसतात. हसू दे. पोरांना दिसतं की सर पडले तरी आकाश कोसळत नाही.

आणि पालक. खरा रोग तिथे आहे. "सर, याला एक बेल्ट गाळून पुढचा देता येईल का? शेजारच्याचा मुलगा ब्लू झाला." निकालाआधी स्टेटसला फोटो. एका बाबांनी तर यलो बेल्टचा फ्लेक्स लावला होता चौकात, शुभेच्छुक म्हणून सोळा चेहरे. पोराने नंतर आठवडाभर तोंड दाखवलं नाही लाजेने. त्याच्यात उपजत होती नम्रता, मला काही शिकवावं लागलं नाही.

जपानी केंडोत (बांबूच्या तलवारीच्या खेळात) तर गुण मिळाल्यावर मूठ उंचावून आनंद दाखवला तर तो गुण काढून घेऊ शकतात. मी हे पोरांना सांगितलं तर एकजण म्हणाला, सर मग क्रिकेटमध्ये सगळे ऑलआऊट. बॅच आली, थांबतो.

काळी_कढई

सोळा चेहरे 😂😂 कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या तुमच्यामुळे.

वाचनमात्र_होतो

ऐकलंय की पूर्वी एकच पांढरा पट्टा असायचा, धुवायचा नाही, मळत मळत वर्षांनी काळा व्हायचा. म्हणून काळा पट्टा. किती सुंदर कल्पना आहे ना.

खडूस_सेन्सेई

सुंदर आहे, खरी नाही. काळा पट्टा कानोंच्या ज्युदोतूनच आला, १८८० च्या दशकात. रंगीत पट्टे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. माझा मात्र उलट्या दिशेने चाललाय, काळ्याचे धागे निघून आतला पांढरा दिसायला लागलाय. बायको म्हणते नवीन घ्या, भिकाऱ्यासारखा दिसतो.

लेकीची_आई

जरा वेगळं. माझी मुलगी अकरा वर्षांची, तायक्वांदो. तिला घातलं तेव्हा पहिले तीन महिने तिच्या तोंडातून आवाजच निघेना. ठोसा मारताना ओरडायचं असतं ना, तिचं तोंड नुसतं उघडायचं. आणि प्रत्येक किकनंतर समोरच्याला "सॉरी". लागली नसली तरी सॉरी. सगळ्या पालकांना कौतुक, किती गुणी मुलगी!

मला धडकी भरली. कारण ते मीच शिकवलं होतं. हळू बोल, पाय जोडून बस, मोठ्यांपुढे मान वर करू नको. बाकीच्यांच्या मुलांना नम्रता शिकवायची असते, आमच्या मुलीला आधीच पाजलेली होती, वाटीभर जास्तच. तिच्या मॅडमनी (वयाने लहान आहेत माझ्यापेक्षा, ताईच म्हणते मी) तिला एक दिवस पॅडवर मारायला लावलं आणि सांगितलं, "सॉरी म्हटलंस की दहा पुशअप. तुझे नाही, माझे." ताईंनी त्या दिवशी सत्तर काढले. सत्तराव्याला हात थरथरत होते त्यांचे, आणि माझी पोर इतक्या जोरात किंचाळली की खालच्या मेडिकलवाला वर बघून गेला.

आता सुरुवातीला आणि शेवटी वाकते, व्यवस्थित, मान खाली घालून. मधल्या वेळात नाही. मला हे वाकणं जास्त आवडतं.

सिडकोची_आजी

लेकीची आई, तुझ्या त्या ताईंना माझा नमस्कार सांग. वाकून.

तांबडी_माती

सत्तर जोर! खुराक काय आहे ताईंचा?

नाव_सुचत_नाही

हे वाचून बरं वाटलं. लिहीन कधीतरी सविस्तर.

जेलरोडकर

क्लासचं कोणी सांगितलं नाही अजून.

खडूस_सेन्सेई

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. पण सहा वर्षांच्या पोराची मस्ती कमी करायला घालू नका, दोन्हीकडून निराशा होईल. माझ्याकडची सगळ्यात मस्तीखोर चार पोरं पट्टा बांधताना सगळ्यात शांत असतात आणि घरी जाऊन सोफा फोडतात. कराटेमुळे सोफा वाचत नाही.

तर्री_वेगळी_द्या

रविवारी सकाळी भेटायचं का सगळे? मिसळ. जागेवरून भांडण नको, जिथे पापड देतात तिथे.

काळी_कढई

पापड सगळीकडे देतात नाशकात. नीळ किती घालायची ते सांगा कोणीतरी.

गोदाकाठचा_वाटसरू

सगळ्यांचे आभार, ऑफिसमधून चोरून वाचत होतो. @लेकीची_आई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, ती बराच वेळ काही बोलली नाही.

ताजी खबर : काल पार्किंगमध्ये त्या तिघांनी स्वतःचा क्लास काढला. तिघांच्याही कमरेला आयांच्या ओढण्या. सगळ्यात धाकट्याला काळी ओढणी मिळाली, म्हणजे तो ब्लॅक बेल्ट. आमची कन्या तणतणत वर आली. "त्याला साधी कोलांटी येत नाही बाबा, आणि मला म्हणतो वाक!"

सिडकोची_आजी

मग वाकली का?

गोदाकाठचा_वाटसरू

वाकली. ॲक्टिव्हा मी आधीच बाजूला घेऊन ठेवली होती.