टायर कुठून खाल्लं आणि शेवटी निघालं काय? (अनुभव धागा)

धागाकर्ता, राजारामपुरी

माझ्या गाडीचं पुढचं डावं टायर आतल्या कडेनं इतकं खाल्लं की तार दिसायला लागली. बाहेरून बघणाऱ्याला मात्र ते निम्मं नवं वाटायचं. दुकानात एकच उत्तर, 'अलाइनमेंट करून घ्या', म्हणजे चाकांची दिशा आणि कल यंत्रावर मोजून लावून घ्या. केली. नव्या टायरचीही तीच कड गेली. मग उद्यमनगरात एका मिस्त्रीनं गाडी वर घेतली, लोअर आर्मला (चाक खालून धरणारा दांडा) पहार लावून हिसका दिला, तर त्याचा मागचा बुश (सांध्यातला रबर) फाटलेला. गाडी यंत्रावर उभी असताना सगळे आकडे बरोबर यायचे, पण रस्त्यावर ब्रेक दाबला की आर्म सरकायचा आणि चाक तोंड फिरवायचं. डावंच का? समोरून उसाची ट्रॉली आली की आपलं डावं चाक साईडपट्टीच्या खड्ड्यात उतरतं, हा माझा अंदाज. मिस्त्रीनंही मान डोलावली.

तुमचे अनुभव लिहा. टायर कुठून झिजलं आणि कारण काय सापडलं, एवढं सांगा. कुठल्या कंपनीचं टायर भारी हा वाद इथं नको.

उचगाव

चारही टायरांचा मधला पट्टा गेलेला, कडा शाबूत. कारण साधं होतं. पंपावरचा पोरगा 'हायवेला जास्त हवा लागते' म्हणून ४० पीएसआय ठोकायचा आणि मी भरून घ्यायचो. ड्रायव्हरच्या दारामागच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर आकडा ३२ होता. तो आकडा थंड टायरचा. शिरोलीहून पळवत आलात की तीन-चार पीएसआय जास्तच दिसणार, तेव्हा सकाळी मोजा.

गुळाचा पिकअप, कागल रोड

आमचं उलटं. मागच्या टायरांच्या दोन्ही कडा गेल्या, मधे नक्षी तशीच. हवा कमी. स्टिकरवर रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, तो बघत जावा.

गगनबावडा

वरच्या दोघांचं वाचून हवा तपासली, ती बरोबर निघाली. तरी माझ्या पुढच्या दोन्ही टायरांची *फक्त बाहेरची* कड गोल झाली आहे. अलाइनमेंटवाल्यालाही काही सापडलं नाही.

निवृत्त अलाइनमेंटवाला, उद्यमनगर

गगनबावडा, तुमच्या गाडीत दोष नसेल. करूळ घाट रोजचा आहे ना? वळणावर सगळा भार बाहेरच्या चाकाच्या बाहेरच्या खांद्यावर येतो. वळणाआधी वेग उतरवा आणि टायर पुढचे मागे, मागचे पुढे करत राहा, आठ-दहा हजार किलोमीटरला.

आता बाकीच्यांसाठी. डोळ्यांपेक्षा हाताला जास्त कळतं. गाडी बंद करा, स्टिअरिंग पूर्ण वळवा म्हणजे पुढच्या टायरचा तळ समोर येतो. आधी नजरेनं बघा, तार बाहेर आली असेल तर हात लावू नका, बोट कापतं. मग तळहात आडवा फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. आतून बाहेर नेताना करवतीसारखं टोचलं आणि उलटं नेताना गुळगुळीत लागलं तर टो-इन जास्त आहे, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं आत वळलेली आहेत. बाहेरून आत नेताना टोचलं तर टो-आउट, म्हणजे तोंडं बाहेर. कड झिजली आहे पण कुठंच टोचत नाही, तिथं कॅम्बर बघायचा, म्हणजे चाक उभं न राहता कललेलं आहे. मग वाकलेला स्ट्रट (चाकावरचा धक्के झेलणारा खांब), बसलेली स्प्रिंग, गेलेला बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोल सांधा) यांतलं काहीतरी निघतं.

टो, म्हणजे चाकांच्या तोंडांची दिशा, आम्ही टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) फिरवून पाच मिनिटांत लावतो. पण रॉडचा एंडच ढिला असेल तर ते लावणं म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे घेणं, दुसरं काही नाही. आधी गाडी वर घेऊन चाक हलवून दाखवा म्हणायचं. दाखवत नसेल तर पुढचं दुकान गाठायचं.

टुरिस्ट गाडी, कावळा नाका

मागून घूं घूं आवाज. सगळ्यांनी बेअरिंग सांगितलं. मी पुढची-मागची चाकं आपापसांत बदलली, तर आवाज पुढं आला! म्हणजे बेअरिंग ठीक, आवाज टायरचा. हात फिरवला तर घेराभर थोड्या थोड्या अंतरावर खळगे. शॉकअप (चाकाच्या उड्या आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर) संपले होते, चाक रस्त्यावर टेकून राहायचंच नाही, उड्या मारत चालायचं. शॉकअप बदलले, पण खळगे पडलेली टायरं शेवटपर्यंत ओरडत राहिली. ती काही भरून येत नाहीत.

शाहूपुरी

माझा अनुभव वेगळा, टायर एकाच कडेनं नाही तर *सगळंच* जास्त झिजलेलं होतं, तेही फक्त पुढचं उजवं. ॲव्हरेजही पडलं होतं. पन्हाळ्याहून उतरून आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, जळका वास येतोय." दोन्ही चाकांजवळ हात नेला (रिमला लावला नाही), उजव्याची धग लांबूनच लागत होती. ब्रेक कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिना गंजून अडकल्या होत्या, पॅड सतत डिस्कला घासत होते. पिना साफ करून ग्रीस लावलं, पॅड बदलले. हे टायरमुळं कळलं म्हणून बरं, घाटात ब्रेक गेले असते तर काय केलं असतं!

धागाकर्ता

मधेच एक. टायरांच्या जागा आपापसांत बदलून घेताना कुठलं टायर कुठल्या कोपऱ्यात होतं हे आत खडूनं लिहून ठेवा. नाहीतर मागच्या चाकाची खूण पुढं येते आणि मिस्त्री पुढचा लोअर आर्म उघडून बसतो. आणि नक्षीच्या खाचांत टीडब्ल्यूआयचे (टायर किती झिजलं ते दाखवणारे) उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. एका कडेला जरी नक्षी त्यांच्या बरोबरीला आली तरी टायर संपलं, उरलेली बाजू कितीही चांगली दिसू दे.

रंकाळा

हॅचबॅक आहे. मागचं उजवं टायर आतून खातंय. दुकानदार म्हणतो मागचं ॲडजस्ट होत नाही, टायर बदला. खरं आहे का?

निवृत्त अलाइनमेंटवाला, उद्यमनगर

ॲडजस्ट होत नाही हे बहुतेक छोट्या गाड्यांना खरं आहे. मागं टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असतो, त्याला टाय रॉड नसतो. पण म्हणून मोजता येत नाही असं नाही. मागच्या चाकांचा टो आणि कॅम्बर मोजून कागद मागा. दोन्ही बाजूंत मोठा फरक असेल तर बीम किंवा हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकलंय. उजवं चाक कधी दुभाजकावर चढलं होतं का? आणि मागच्या दोन्ही स्प्रिंगांची उंची सपाट जागेवर मोजा.

रंकाळा

दुभाजक नाही, पण फुलेवाडीजवळ पावसात एका खड्ड्यात चांगलीच आपटली होती. तेव्हापासूनच असावं.

निवृत्त अलाइनमेंटवाला, उद्यमनगर

मग हब बघा आधी, तिथंच निघेल. आणि गाडी दाखवायला नेताना खालून धुवून न्या. चिखल खरवडून बुश बघायला कुणी तयार होत नाही.